दहा फुटांची खूण

जुन्या मॅन्युअल लेन्सेसचं कौतुक करणारे लोक बहुतेक वेळा काचेचं कौतुक करतात. रशियन हेलिओस ४४ लावली की मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, थोरियम असलेली जुनी टाकुमार पिवळी पडून चित्राला ऊब देते, साध्या कोटिंगमुळे दिव्याभोवती धुकं येतं, वगैरे. यातलं काही खोटं नाही. पण हेलिओसचं ते फिरणं म्हणजे कडेला कापली जाणारी प्रकाशवर्तुळं आणि काचेच्या दोषांची अर्धवट राहिलेली दुरुस्ती; दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगांसमोर ते एकदा बघायला गंमत वाटते, दहाव्या फोटोत सर्कस सुरू होते. दोषांच्या या प्रेमात लेन्सच्या अंगावर कोरलेल्या आकड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. फोकसच्या कड्यावर मीटर आणि फूट अशा दोन ओळींत अंतरं कोरलेली असतात, त्यांच्याखाली प्रत्येक ॲपर्चरसाठी डावी-उजवीकडे एकेक रेघ, आणि मधोमध एक खूण. मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी लेन्स लावायचं सगळ्यात सबळ कारण काच नसून ही पट्टी आहे, असं माझं म्हणणं आहे. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या मुंबईत तर ते कारण जरा जास्तच लागू पडतं.

आधी यंत्राचा हिशेब. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो आणि त्याला जागा लागते. म्हणून निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवलं गेलं. हेलिओस, टाकुमार, प्राक्टिका यांच्या आटेवाल्या एम४२ लेन्सेसना ४५.४६ मिलिमीटर लागतात. म्हणजे निकॉनच्या बॉडीवर अशी लेन्स बसवली की ती मिलिमीटरभर पुढे राहते आणि दूरचं काहीच स्पष्ट येत नाही. आरसा गेला आणि हे भांडण मिटलं. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर आहे, फुजीच्या एक्समध्ये १७.७, निकॉनच्या झेडमध्ये १६. उरलेली जागा भरून काढायला आत काच नसलेली पोकळ नळी पुरते, तिलाच आपण ॲडॅप्टर म्हणतो. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला तेव्हा हा मार्ग उघडला. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढाच झाला आणि जुन्या लेन्सला तिचा मूळ दृष्टिकोन परत मिळाला. परकीय चलनाची टंचाई आणि जबर आयातशुल्क यांच्या काळात जे कॅमेरे आपल्याकडे आले, म्हणजे रुपयांतल्या व्यापारातून आलेला झेनिट, आखातातून आलेल्या नातेवाइकाने आणलेली याशिका, लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा पेंटॅक्स के१०००, त्यांच्या लेन्सेस आज कपाटात, चोर बाजारात किंवा फोर्टातल्या बोरा बाजारात पडून असतात. त्यातली कुठलीही उचलावी, नळी लावावी, मेनूत जाऊन ‘लेन्स नसतानाही शटर चालू दे’ असं कॅमेऱ्याला सांगावं, की काम सुरू. हे सांगायला विसरलं तर कॅमेरा अडून बसतो, कारण त्याच्या लेखी पुढे लेन्सच नसते.

आता मुद्द्याचं. आजचा ऑटोफोकस फार हुशार आहे, पण तो चौकटीत कोण आहे हे आधी विचारतो. माणसाचा डोळा शोधतो, चेहरा शोधतो, पक्षी, कुत्रा, मोटार ओळखतो आणि मग त्यावर फोकस बसवतो. चौकटीत एकच माणूस असेल तर याहून चांगली सोय नाही. पण गणेश चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी परळच्या कारखान्यातून मूर्ती निघते, तेव्हा लालबागच्या रस्त्यावर चौकटीत दीड-दोनशे चेहरे असतात, त्यातले निम्मे फोन वर धरून उभे असतात. मूर्तीचे डोळेही कॅमेऱ्याला डोळेच वाटतात. आणि शिवाय फ्लेक्स! आपल्या भागातल्या प्रत्येक खांबावर शुभेच्छुकांचे हसरे, सपाट, पुरेशा प्रकाशातले चेहरे टांगलेले असतात. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासाठी यापेक्षा सोपं गिऱ्हाईक नाही. ढोल वाजवणारी मुलगी धूसर आणि नगरसेवक लख्ख, असा फोटो या शहरात अगदी शक्य आहे. कोण महत्त्वाचं, हा प्रश्न गर्दीत यंत्राला सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर फोटो काढणाऱ्यालाही त्या क्षणी सुटत नाही. सुटू शकणारा प्रश्न वेगळा आहे: किती दूर? जुनी लेन्स तोच प्रश्न विचारते, आणि तोही बटण दाबायच्या आधी.

या प्रश्नाचं उत्तर किती उपयोगी पडतं ते आकड्यांत बघू. पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवली आणि फोकसची खूण ३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर लावली, तर जुन्या हिशेबाने सुमारे १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. त्यानंतर फोकसला हात लावायचा नाही. आपण त्या पट्ट्यात राहायचं, एवढंच. याच लेन्सची आणखी एक गंमत आहे. चौकटीची लांब बाजू ३६ मिलिमीटर आणि लेन्स ३५ ची, त्यामुळे कॅमेरा उभा धरला की जेवढ्या फुटांवर आपण उभे तेवढ्याच फुटांची उंची चौकटीत मावते. वीस फुटी मूर्ती पायापासून मुकुटापर्यंत हवी असेल तर वीस फूट मागे जावं लागतं, मग तेवढी जागा गल्लीत असो वा नसो. एफ ५.६ वर सहा मीटरची खूण लावली तर सव्वातीन मीटरपासून तीस मीटरच्याही पुढे सगळं पकडीत येतं: पुढचे कार्यकर्ते, मूर्ती, मागच्या इमारतीच्या गॅलऱ्या. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून बसणाऱ्या गणपतीचं गणित उलटं. मूर्ती छोटी, जागा आटोपशीर, त्यामुळे आकडाही लहान.

चाळीच्या खोलीत तर ही पट्टी जणू तिथल्यासाठीच कोरली असावी. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ती दहा बाय सोळा धरली तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर जेमतेम एकोणीस फूट, म्हणजे पावणेसहा मीटर होतं. त्या खोलीत याहून लांबचं काही असूच शकत नाही. २८ मिलिमीटरची लेन्स, एफ ८, खूण २ मीटरवर: सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. म्हणजे दाराशी उभं राहून एकदा कडं फिरवलं की ओटा, पाळणा, खिडकीतली तुळस, कॉटवर बसलेली आजी, सगळी आलीच. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या या चाळी आता पुनर्विकासात जात आहेत आणि टॉवरच्या घरात खोलीची मापं बदलतील, पण आकडा बदलून पद्धत तीच राहील. गॅलरी, जिना, नळाची जागा, खोताच्या वाडीतला बोळ: या भागात माणसं एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात ते वास्तूने आधीच ठरवून टाकलेलं आहे. जिथे अंतर ठरलेलं आहे तिथे दर क्षणी नव्याने ते शोधणारं यंत्र थोडं फुकटची मेहनत करत असतं.

ही पद्धत दादर-परळला परकी नाही, उलट तिचं हे घरच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण केलं, त्र्यंबक तेलंग कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होते. चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. हाताने फिरवायच्या त्या कॅमेऱ्यात फोकस चालू शॉटमध्ये आपोआप बसण्याचा प्रश्नच नव्हता. नट कुठे उभा राहणार हे आधी ठरायचं, मग कॅमेरा चालायचा. पुढे दादरला रणजित, परळला कारदार आणि १९४२ पासून व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर, हे सगळे स्टुडिओ याच शिस्तीवर चालले. कॅमेरा असिस्टंट टेप घेऊन कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत अंतर मोजतो, जमिनीवर मार्क लावतो, लेन्सच्या कड्यावर पेन्सिलीने खूण करतो आणि शॉट चालू असताना डोळे नटाच्या पावलांवर ठेवून कडं फिरवतो. टेप अडकवायला सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या कुशीत फिल्मच्या पातळीवर एक हूक असतो. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या डोक्यावर आजही त्या पातळीचं चिन्ह असतं, एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ. आपण ते बघतो आणि विसरतो. ज्यांनी मॅन्युअल फोकसला कालबाह्य ठरवलंय त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आजही मोठ्या चित्रपटाच्या सेटवर लाखो रुपयांच्या लेन्सेस मॅन्युअलच असतात आणि त्यांच्यावर अंतराचे आकडे दाटीवाटीने कोरलेले असतात. तिथे पैसा कमी नाही, तंत्रज्ञानही कमी नाही. फोकस कधी, कुठून कुठे आणि किती वेगाने सरकायचा हा तिथे कथेचा निर्णय असतो, म्हणून तो माणसाच्या हातात राहिला.

स्थिरचित्रणात मात्र या पट्टीला एक मोठी मर्यादा होती, आणि ती नव्या कॅमेऱ्याने काढून टाकली. फिल्मच्या काळात अंतर ठरवून फोटो काढणं हा दिवसाचा धंदा होता. चारशे आयएसओची फिल्म घालून रात्रीच्या मिरवणुकीत उभं राहिलं की एफ २ आणि सेकंदाचा साठावा भाग, याच्या पलीकडे जाता येत नसे. आणि एफ २ वर ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ३ मीटरवर स्पष्ट पट्टा उरतो जेमतेम ९० सेंटिमीटरचा. नाचणाऱ्या पोराने दोन पावलं टाकली की ते बाहेर. आज तोच प्रकाश ६४०० आयएसओवर, एफ ५.६ आणि सव्वाशेव्या भागात घेता येतो, आणि पट्टा २.१ पासून ५ मीटरपर्यंत पसरतो. ६४०० चं दाणेदारपण आजच्या सेन्सरवर कुणाला खटकेल असं वाटत नाही. म्हणजे १९७० सालच्या लेन्सवर कोरलेली पट्टी २०१३ नंतरच्या सेन्सरमुळे प्रथमच रात्री वापरण्याजोगी झाली. जुन्याचा उमाळा म्हणून या जोडीकडे बघणाऱ्यांना हे दिसत नाही.

आता आक्षेप, आणि त्यातला पहिला खरोखर अडचणीचा आहे. पट्टीवर विश्वास ठेवायचा तर नळी नेमक्या मापाची हवी, आणि स्वस्त ॲडॅप्टर बहुधा मुद्दामच किंचित आखूड केलेले असतात, म्हणजे दूरचा फोकस नक्की मिळतो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. फरक किती? साध्या कागदाच्या जाडीएवढा, एक दशांश मिलिमीटर. पण तेवढ्यानेही ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर ३ मीटरची खूण प्रत्यक्षात जवळजवळ ४ मीटरवर जाऊन बसते. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर मी एवढा वाद घालतो आहे तोच खोटा निघू शकतो. याला उपाय आहे, आणि तो पुन्हा नव्या कॅमेऱ्याचाच. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवावं, फिल्मच्या चिन्हापासून टेपने तीन मीटर मोजावेत, पडद्यावर चित्र दहापट मोठं करून फोकस लावावा आणि कड्यावर कुठला आकडा येतो ते पाहावं. फरक असेल तर नळीत पातळ चकती घालावी किंवा कड्यावर आपली खूण करावी, जशी सेटवरचा असिस्टंट करतो. एसएलआरच्या काळात एवढी नेमकी तपासणी घरी करणं अवघड होतं.

दुसरा आक्षेप असा, की त्या रेघा फिल्मच्या मापाने, साधारण ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालवून घेऊन आखलेल्या आहेत. ४५ किंवा ६० मेगापिक्सेलच्या फाइलला एवढी ढिलाई चालत नाही. बरोबर आहे. मोठी प्रत काढायची असेल तर एफ ८ वर फोटो घेऊन एफ ४ च्या रेघा वाचाव्यात, पट्टा निम्म्याहूनही कमी होतो आणि वाद संपतो. वर दिलेले माझे सगळे आकडेही त्याच सैल हिशेबाचे आहेत, हे इथेच सांगून टाकतो. रेंजफाइंडरच्या जुन्या वाइड लेन्सेसचे कोपरे सेन्सरवरच्या जाड काचेमुळे विस्कटतात, हेही खरं. त्या घेऊ नयेत. आणि कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नसल्यामुळे थरथर थोपवणाऱ्या यंत्रणेला फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. ५० च्या जागी २८ राहिलं तर ती यंत्रणा चुकीच्या मापाने सेन्सर हलवते आणि मदत अर्धवटच राहते.

मुंबईच्या हवेबद्दलचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पावसाळ्यात इथे लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षांची लेन्स बहुतेकदा ती घेऊनच आपल्याकडे येते. पुष्कळ नव्या लेन्सेसच्या सांध्यांत रबर असतं, जुनीत नसतं. विसर्जनाच्या दिवशीचा गुलाल तिच्या आट्यांत शिरला की कडं करकरायला लागतं. सिलिका जेल, कोरडा डबा, अधूनमधून उन्हात ठेवणं, एवढं केलं तरी ती जपावीच लागते. गुलालात आणि धो धो पावसात ज्याला काम करायचं आहे त्याने सील केलेली आधुनिक लेन्स घ्यावी.

‘वेळ निघून जाईल’ हा आक्षेप मात्र मला अर्धाच पटतो. शिवाजी पार्कवर अंगावर धावत येणारा गोलंदाज, गॅलरीतून पळणारं मूल, अशा ठिकाणी ऑटोफोकसशी स्पर्धा करू नये, यंत्र जिंकेल. पण त्याच मैदानावर धावचीत होणार तो यष्ट्यांशीच होणार, हे ओळखून जुने क्रीडा छायाचित्रकार यष्ट्यांवर फोकस लावून थांबत. फोकस शोधायला लागणारा वेळ कमी करणं हा एक मार्ग, आणि तो वेळ लागूच न देणं हा दुसरा. आधी लावून ठेवलेल्या लेन्सला फोकससाठी शून्य वेळ लागतो, हे वेगाच्या चर्चेत कुणी मोजत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात रास्त आहे. एवढंच हवं असेल तर जुनीच लेन्स कशाला? ऑटोफोकस बंद करून नवी वापरा की. पण आजच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सेसच्या कड्याला आकडे नसतात आणि टोकाला अडणंही नसतं. ते कडं प्रत्यक्षात काही फिरवत नाही, फक्त मोटरला इशारा देतं, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की पुष्कळदा आधीची जागा विसरतं. काही कंपन्या अपवाद आहेत. कोसिनाच्या फोइग्टलेंडर लेन्सेस आजही मॅन्युअल आणि आकडे कोरलेल्या मिळतात, लायकाच्या तर आहेतच. ज्याला परवडेल त्याने त्या खुशाल घ्याव्यात. माझा दावा लेन्स जुनी असण्याबद्दल नाही. फक्त त्या किमतींपुढे बोरा बाजारातली ३५ किंवा २८ पुष्कळच स्वस्त पडते.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, जी आकड्यांत बसत नाही. लांब झूम आणि ऑटोफोकस यांच्या जोडीने कुठूनही फोटो घेता येतो. गिरगाव चौपाटीवरच्या मचाणावरून खाली रडणाऱ्या बाईचा चेहरा चौकटभर भरता येतो आणि तिला पत्ता लागत नाही. दहा फुटांवर खूण लावलेला माणूस तसं करू शकत नाही. तो दहा फुटांवर असतो, म्हणजे दिसतो, त्याला ‘काय हवंय?’ असं विचारता येतं. यात नैतिक मोठेपणा आहे असं मी म्हणणार नाही, कारण दहा फुटांवरूनही आगाऊपणा करता येतो. पण कुठे उभं राहायचं हे ज्याला आधी ठरवावं लागतं, त्याला समोरच्यांशी आपलं नातं काय हेही थोडंफार ठरवावं लागतं, आणि लालबाग-परळच्या गेल्या काही वर्षांच्या फोटोंत जो एकसुरीपणा आला आहे त्याचं एक कारण हे न ठरवणं आहे, असं मला वाटतं. सगळे चेहरे लख्ख, पार्श्वभूमी विरघळलेली, आणि फोटो काढणारा कुठे होता ते कळायला मार्ग नाही.

सिनेमावाल्यांनी या बाबतीत नव्या तंत्राशी वेगळा करार केला. सेटवर आता अल्ट्रासॉनिक लहरींनी किंवा लेझरने अंतर मोजणारी यंत्रं असतात, पण ती मोजलेला आकडा असिस्टंटपुढे दाखवतात, आणि कडं कुणी फिरवायचं हे तिथले लोक ठरवतात. स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यालाही हा आकडा अंदाजाने माहीत असतो. निकॉनच्या डी लेन्सेस १९९२ पासून तो बॉडीला कळवत आल्या आहेत, मुख्यतः उजेडाच्या आणि फ्लॅशच्या हिशेबासाठी. तो बहुतांशी आतल्या आत वापरला जातो. तो ठळकपणे, मीटर आणि फुटांत, पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायला आणि सांगितलेल्या अंतरावर लेन्स अडवून ठेवायला नवी काच लागत नाही, फर्मवेअरमध्ये थोडी भर घातली तरी भागेल. काही नव्या कॅमेऱ्यांनी तशी सुरुवात केलीही आहे. ती सोय साध्या, परवडणाऱ्या लेन्सेसपर्यंत नीट पोहोचली, तर जुन्या लेन्सच्या बाजूने मांडलेला हा सगळा युक्तिवाद मी मागे घेईन, आणि मग हेलिओस ज्यांना फिरणारी पानं आवडतात त्यांच्यासाठी उरेल.